कपाळावरची आठी आणि सुईचा उपाय

आपल्या मराठीत कपाळावर फार काही लिहिलेलं असतं. नशीब तिथे, कुंकू तिथे आणि आठीही तिथेच. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली की आमटीत मीठ जास्त झालं हे सुनेनं ओळखावं आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली की मागच्या बाकावरची कुजबुज थांबावी, अशी ही बोलकी रेघ. तिशीपर्यंत ती येते आणि जाते. पस्तिशी-चाळिशीला मात्र मुक्कामालाच येते. मनात राग नसतानाही आरशात दिसू लागते आणि घरातलं कोणीतरी विचारतं, "का गं, चिडलीस का?"

ही आठी, कपाळावरच्या आडव्या रेघा आणि डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या पसरणाऱ्या सुरकुत्या इंजेक्शनने घालवण्याचा उपाय आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. नाशिकमध्ये त्याच्या पाट्या दिसतात आणि आमच्या दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातही लग्नसराईत मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात. फेशियल, मेंदी, केसांचा रंग अशा यादीत खाली 'बोटॉक्स' हा शब्द असतो, जणू काही तोही एखादा लेपच!

आमच्या शेजारच्या एक वहिनी अशीच जाहिरात घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. विहीणबाई दिसायला तरतरीत, तेव्हा फोटोत आपण त्यांच्या थोरल्या बहीण दिसू ही वहिनींना धास्ती. "तुम्ही शाळेत शिकवता, वाचता, तर सांगा, घेऊ का?" आता मी पडले मराठी-इतिहास शिकवणारी बी. ए. बाई. पण प्रश्न खरा होता, आणि हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. म्हणून मी वाचलं, नाशिकच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

हे आहे तरी काय?

बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव. वनस्पती तुपाला सगळे जण 'डालडा' म्हणत, तसं ते सगळ्यांनाच चिकटलं. औषधाचं खरं नाव बोट्युलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष. दचकू नका, पण विसरूही नका. निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी हे एक आहे. इंजेक्शनात ते ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात असतं, म्हणूनच त्याचं औषध होतं.

याची गोष्ट सुरू होते स्वयंपाकघरात. जर्मनीत आतड्यात मांसाचा खिमा भरून सॉसेज करतात. ते नीट न टिकवल्यामुळे माणसं दगावत. डोळ्यांच्या पापण्या पडत, गिळता येत नसे, शेवटी श्वास थांबे. युस्टिनस केर्नर या डॉक्टरांनी १८२० आणि १८२२ साली या विषबाधेचं बारकाईने वर्णन लिहिलं. पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्ययात्रेला आलेल्या वादकांना खारवलेल्या मांसातून अशीच बाधा झाली. तिथे व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञांनी त्यामागचा जंतू शोधून काढला. लॅटिन भाषेत 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. त्यावरून हे नाव पडलं.

हे विष करतं काय? आपण आठी घालायचं मनात आणलं की मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो. हे विष त्या रसायनालाच अडवतं. स्नायूपर्यंत निरोपच पोहोचत नाही, मग तो सैल राहतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात याचाच उपयोग तिरळे डोळे सरळ करण्यासाठी करून पाहिला. १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्यांचा आचका या दोन्हींसाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

सुरकुत्यांचा शोध मात्र एका बाईच्या बोलण्यातून लागला. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ. त्या पापण्यांच्या आचक्यासाठी एका बाईंना हे इंजेक्शन देत असत. १९८७ साली त्या बाईंनीच सांगितलं, की भुवयांमध्ये सुई दिली की आपला चेहरा शांत, मोकळा दिसतो. जीनबाईंचे यजमान अ‍ॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला, १९९२ साली तो छापला, आणि २००२ साली अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी आली.

हेच औषध केवळ हौसेचं आहे असं मात्र समजू नका. जन्मापासून मेंदूला इजा असलेल्या मुलांच्या ताठरलेल्या पोटऱ्या सैल करायला, वर्षानुवर्षं छळणाऱ्या अर्धशिशीवर, तळहातांना नको इतका घाम येतो त्यावरही ते देतात. आईनं लेकराच्या पायासाठी घ्यावं तेच औषध, आणि आपण आठीसाठी घेतो तेही तेच. म्हणूनच ते देणारा हातही तितकाच जाणता हवा.

याच जंतूबद्दल घरातल्या बाळंतिणीसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. मधात या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांनी काही होत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. बाळांचा हा आजार १९७६ साली अमेरिकेत ओळखला गेला. तेव्हा आजी कितीही प्रेमानं म्हणाली तरी जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या वळ्यानं मध चाटवू नका. वर्ष होईपर्यंत मध नाहीच. घुटीतही नाही.

काय होतं आणि काय होत नाही

भुवयांमधल्या आठीसाठी साधारण पाच ठिकाणी बारीक सुई टोचतात. आपण कुंकू लावतो त्याच्या आजूबाजूलाच म्हणा ना! काम दहा-पंधरा मिनिटांचं. परिणाम मात्र लगेच नाही. तीन-चार दिवसांनी जाणवू लागतो आणि पुरता दिसायला दोन आठवडे लागतात. तेव्हा 'एका तासात तरुण' असं कोणी म्हणत असेल तर ते औषध ओळखत नाही, किंवा तुम्हाला ओळखत नाही असं समजा. परिणाम टिकतो तीन ते चार महिने. नंतर मज्जातंतू पुन्हा निरोप धाडू लागतो आणि आठी माहेरी परत येते. इंजेक्शन थांबवलं तर चेहरा आधीपेक्षा वाईट होतो ही भीती मात्र खोटी.

आता तुमची सुरकुती या औषधाची आहे का, हे घरच्या आरशातही थोडंफार कळतं. उजेडात उभ्या राहा. कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. सैल सोडल्यावर रेघ पुसली गेली तर ती स्नायूची रेघ. तिथे औषध चांगलं लागू पडतं. सैल सोडूनही रेघ खोल कोरलेली राहिली तर ती कातडीचीच घडी झाली. ती थोडी पुसट होईल, जाणार नाही.

नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत जाणारी घडी, बसलेले गाल, यांच्यासाठी दुसरंच इंजेक्शन असतं. त्याला फिलर म्हणतात. ते स्नायू सैल करत नाही, खड्डा भरून काढतं. १९८१ साली अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. ते गाईच्या कातडीतल्या कोलॅजनचं होतं आणि वावडं नाही ना हे पाहायला आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. आता बहुधा हायल्युरोनिक आम्ल वापरतात. बोटॉक्स आणि फिलर ही दोन वेगळी औषधं, त्यांचे धोकेही वेगळे. विकणारे दोन्हींना एकच नाव देतात, म्हणून कोणतं देणार हे विचारून घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला सुरकुत्या गोऱ्या कातडीपेक्षा उशिरा पडतात. कातडीतलं रंगद्रव्य उन्हाला बरंचसं अडवतं. आपली खरी तक्रार असते ती वांगाची, काळ्या डागांची. त्यावर बोटॉक्सचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की 'म्हातारी दिसते' म्हणून येणाऱ्या कितीतरी बायकांना प्रत्यक्षात वांग असतो.

खर्च एका वेळेचा विचारू नका

साडी एकदा घेतली की झाली. या इंजेक्शनाचं तसं नाही. तीन-चार महिन्यांनी ओसरतं म्हणजे वर्षातून तीन वेळा घ्यावं लागणार. तेव्हा एका वेळेचा आकडा ऐकून पर्स उघडू नका. त्याला तिनानं गुणा, पुढे पाच वर्षांनी गुणा, आणि तो आकडा घरच्या जमाखर्चाच्या वहीत मुलांच्या फीशेजारी लिहून पाहा. तरीही परवडतं आणि हवंसं वाटतं, तर तुमचा पैसा, तुमचा चेहरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'सवलत' म्हणून फार स्वस्तात मिळत असेल तर मात्र सावध व्हा. औषध पातळ केलेलं असेल, जुनं असेल किंवा औषधच नसेल.

धोका कुठे आहे

जाणत्या डॉक्टरांच्या हातून योग्य प्रमाणात दिलं तर त्रास बहुधा किरकोळच. सुईच्या जागी निळसर डाग, थोडी डोकेदुखी. कधीकधी औषध शेजारच्या स्नायूत उतरतं आणि एका डोळ्याची पापणी खाली येते. काही आठवड्यांत ती आपोआप सुधारते, पण तेवढे आठवडे ती तशीच राहणार. आता सांगा, हे लग्नाच्या आठवड्यात झालं तर?

मोठा धोका असतो खोट्या औषधाचा आणि अडाणी हाताचा. २००४ साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात चेहऱ्यासाठी परवाना नसलेलं तीव्र विष टोचल्यामुळे चार माणसं लुळी पडून कृत्रिम श्वासावर गेली. २०२४ साली तिथेच खोट्या किंवा चुकीच्या रीतीने दिलेल्या इंजेक्शनांमुळे अकरा राज्यांत बावीस जणांना त्रास झाला. त्या सगळ्या बायकाच होत्या! सुया टोचणारे काही जण शिकलेलेच नव्हते, काही इंजेक्शनं तर घरात घेतलेली होती. इतकी कडक तपासणी असलेल्या देशात हे होतं, तर आपण किती जपायला हवं!

फिलरचा धोका दुर्मीळ, पण भयंकर. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. टोचताच जोराची कळ आली, कातडी पांढरी पडली किंवा नजर अंधुक झाली, तर घरी जाऊन बर्फ लावत बसायचं नाही. त्याच घटकेला डॉक्टर आणि इस्पितळ.

बोटॉक्सनंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही गिळायला त्रास, बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, श्वास अपुरा पडणं, यांतलं काही झालं तरी तसंच ताबडतोब इस्पितळ गाठायचं.

गरोदरपणी आणि अंगावर पाजताना हे घेऊ नये. स्नायू दुबळे होण्याचा आजार, विशेषतः मायस्थेनिया, असलेल्यांनी घेऊ नये. टोचायच्या जागी पुरळ किंवा पू असेल तर थांबावं. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, प्रतिजैविकं, जे काही चालू असेल ते सगळं डॉक्टरांना सांगावं.

सुई टोचण्याआधी विचारा

भाजीवाल्याला आपण चार प्रश्न विचारतो, मग इथे का संकोचायचं?

१. टोचणार कोण? सुईचं काम ब्यूटी पार्लरचं नाही. त्वचारोगातील एम. डी. किंवा प्लास्टिक सर्जन असावेत. दिंडोरीहून नाशिकला जाताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदव्या घेऊन राज्यभर डॉक्टर बाहेर पडतात. तेव्हा पदवी कोणती हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. भिंतीवर प्रमाणपत्र असतं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो वाचा. दोन दिवसांच्या शिबिराचं चौकटीतलं प्रशस्तिपत्र ही पदवी नव्हे.

२. बाटली बघू का? सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडावी. नाव, बॅच क्रमांक, मुदत वाचावी, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

३. ठेवलं कुठे होतं? बहुतेक कंपन्यांचं हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. आपल्याकडे वीज जाण्याची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. बोर्नव्हिटा आणि गजऱ्यांशेजारी फ्रिजच्या दारात ठेवलेलं औषध घेऊ नका. द्रावण कधी तयार केलं हेही विचारा.

४. किती युनिट देणार? भुवयांमधल्या आठीला बोटॉक्सची वीस युनिटं हे नेहमीचं प्रमाण. पण वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. पायली आणि किलो जसं एक नाही तसंच. म्हणून कंपनीचं नाव आणि युनिटं दोन्ही कागदावर लिहून घ्या.

५. पापणी पडली किंवा त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तिथून उठावं.

घेतल्यानंतर चार तास आडवं होऊ नये, ती जागा चोळू नये, त्या दिवशी मालीश-फेशियल करू नये, असं डॉक्टर सांगतात. आणि कार्यासाठीच घ्यायचं असेल तर पहिल्यांदा किमान महिना-दीड महिना आधी घ्यावं, म्हणजे काही कमीजास्त झालं तर सावरायला अवधी राहतो.

सुरकुती पाडतं कोण?

वयाला दोष देऊन आपण मोकळ्या होतो. पण चोर दुसराच आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. वय एकोणसत्तर, अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीतलं ऊन डाव्या गालावर. फोटोत डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. माणूस तोच, वय तेच. फरक फक्त उन्हाचा.

आमच्या दिंडोरी तालुक्यात हे समजावून सांगायला फोटो लागत नाही. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर, जिकडे जावं तिकडे द्राक्षबागा. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, घडांची विरळणी, मग काढणी. यातलं कितीतरी काम बायकांच्या हातचं. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट आणि डोक्या-तोंडाला घट्ट रुमाल बांधून त्या कामाला जातात. कोणी त्यांना सौंदर्यशास्त्र शिकवलेलं नाही, पण सुरकुत्यांवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय त्या रोज करतात. स्कूटीवरून नाशिकला जाणाऱ्या आम्हा बायकांचा ओढणीचा बुरखाही त्यातलाच.

त्याला जोड द्यायची ती ऊन अडवणाऱ्या मलमाची. ऑस्ट्रेलियात नऊशेवर माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. रोज न चुकता मलम लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण, वाटेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा चोवीस टक्क्यांनी कमी होतं. एसपीएफ तीस किंवा त्याच्या वरचं घ्यावं, चेहरा, मान आणि कानांना सढळ हाताने लावावं, उन्हातच काम असेल तर दोन तासांनी पुन्हा लावावं. वांग वाढू नये म्हणूनही तेच कामाला येतं. विडी-सिगारेटने सुरकुत्या लवकर येतात, हे यजमानांनाही सांगा. मशेरी लावत असाल तर ती आजच सोडा. तिचा धोका सुरकुतीपेक्षा मोठा, तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

आणि दुकानातून 'गोरं करणारं' मलम आणून लावू नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते, लाल होते. अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, तो उगीच नव्हे.

वहिनींनी काय केलं?

जाहिरात बाजूला ठेवून वहिनी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. कपाळाची आठी होती, ती सैल सोडल्यावर जातही होती. पण गालांवर वांग जास्त होता. "लग्न झाल्यावर हवं असेल तर या, आता तीन आठवड्यांत पहिल्यांदा प्रयोग नको," असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वांगासाठी मलम दिलं आणि ऊन टाळायला सांगितलं. लग्न झालं. फोटोत वहिनींच्या कपाळाला आठी आहे, ती पंगतीत जिलबी कमी पडली तेव्हाची! विहीणबाई त्यांच्याशेजारी उभ्या आहेत. आता इंजेक्शन घ्यायचं का, हे वहिनी सवडीने ठरवणार आहेत, आणि तेच मला बरं वाटलं.

कारण मैत्रिणींनो, घाईत आणि टोमण्याच्या भीतीनं ठरवलेली गोष्ट पुढे बोचते. नवरा म्हणतो म्हणून, भिशीतल्या सगळ्यांनी घेतलं म्हणून, फोटोसाठी म्हणून सुई टोचून घेऊ नका. रोज आरशात बघताना तुम्हाला स्वतःलाच ती रेघ खुपत असेल, खर्चाचा हिशेब बसत असेल आणि हात जाणत्या डॉक्टरांचा असेल, तर खुशाल घ्या. कोणाला स्पष्टीकरण द्यायचं कारण नाही. आणि नाही घेतलं, तर त्या आठीत आपली मुलांच्या परीक्षांची, दवाखान्याच्या रात्रींची, महिनाअखेरच्या हिशेबांची वर्षं आहेत. ती कपाळावर दिसली तर काय बिघडलं? सकाळी बाहेर पडताना रुमाल आणि मलम मात्र दोघींनीही विसरायचं नाही, घेणारीनंही आणि न घेणारीनंही.